करुणाच्या नावानं लिहिलेलं पत्र

मंगळवारी आणि शुक्रवारी करुणा दुपारची एस.टी. धरून निमगाव केतकीहून बारामतीला जाई. तिथं फरिदा मॅडम आपल्या घराच्या ओसरीवर इंग्रजीचा क्लास घेत. क्लासात सगळी कॉलेजची मुलंमुली. गळ्यात मंगळसूत्र असलेली करुणा एकटीच.

लग्नाला चार वर्षं झाली होती. नवरा धम्मदीप पुण्यात इंजिनिअर. दोन वर्षांपूर्वी त्यानंच तिला माहेरी आणून सोडलं. साहेबलोकांत ऊठबस असते, तुला चार शब्द बोलता येत नाहीत, इंग्रजी शीक, मग नेतो, असं सांगून जो गेला तो पुन्हा फिरकला नाही. पत्रांना उत्तर नाही. बाया तिच्यामागं 'टाकलेली' म्हणू लागल्या. करुणानं मात्र नवऱ्याचं बोलणं खरं धरलं. भाकरी थापताना ती शब्द घोकायची. एकदा बोलता आलं की तो नेईल, एवढ्या आशेवर ती तगून होती.

१९९६ सालच्या मार्चातल्या एका मंगळवारी मॅडमनी नात्यागोत्याचे शब्द शिकवायला घेतले. 'फॉल आउट' म्हणजे बिनसणं. 'मेक अप' म्हणजे भांडण मिटवून पुन्हा एक होणं. पावडर-टिकलीचा मेकअप तो हाच का, असं एका पोरीनं विचारलं नि सगळे हसले. मग आला 'वॉक आउट ऑन'. आपल्या माणसाला वाऱ्यावर सोडून निघून जाणं, मॅडम म्हणाल्या, नवरा बायकोला टाकतो ना, तसं. करुणाचं पेन थांबलं. उरलेला तास तिनं मान खाली घालूनच काढला.

चार दिवसांनी तिचे सासरे गेणूतात्या भवानीनगरहून आले. दोन वर्षांत पहिल्यांदाच. करुणाच्या आईनं, रंगूबाईनं, लगबगीनं चहा ठेवला. न्यायलाच आले असं समजून करुणा साड्यांच्या घड्या घालू लागली. तात्यांनी खिशातून इंग्रजीत टाइप केलेला कागद काढला. पुण्यात कंपनीची खोली मिळायचीय, त्याला बायकोची सही लागतीया, असं ते म्हणाले. वडील रामहरींना अक्षरओळख नव्हती. त्यांनी आनंदानं पेन पुढं केलं.

करुणा एकेक शब्द लावत वाचू लागली. तो खोलीचा कागद नव्हताच. तिच्याच नावानं धम्मदीपला लिहिलेलं पत्र होतं ते. तुमच्या घरच्यांशी माझं बिनसलं, मी आपण होऊन तुम्हाला टाकून आले, आता मला नांदायचं नाही. तिथं 'वॉक आउट ऑन' हेच शब्द होते, आणि ते तिच्या तोंडी घातलेले होते.

ज्या भाषेच्या जोरावर संसार परत मिळणार होता, तो संपल्याचं तिला त्याच भाषेतून कळत होतं.

"मामा, मी त्यांना टाकून आले असं लिवलंय ह्यात," ती म्हणाली. "मला तर त्यांनीच हितं आणून सोडलं."

गेणूतात्या आधी नजर चुकवत राहिले. मग सरळच बोलले. धम्मदीपचं दुसरीकडं जमलं होतं. करुणानं सही दिली, की गाजावाजा न होता दोघं मोकळी होणार होती. रंगूबाई तोंडाला पदर लावून रडू लागली.

"कर सही, पोरी," रामहरी म्हणाले. "त्याच्या मनातच न्हाय, तर कुठवर वाट बघायची? तुझ्यामागं धाकटी हाय. बोभाटा झाला तर तिला कोण करंल?"

वडिलांचं ते बोलणं तिला त्या कागदापेक्षा जास्त लागलं.

"आबा, आता नांदायला मी जायची न्हाय," ती म्हणाली. "पण केलं त्यांनी, आन् कबूल मी करू? ही सही मी करनार न्हाय."

तात्यांनी कागद परत मागितला. तिनं तोही दिला नाही. मिळेल त्या गाडीनं ती फरिदा मॅडमकडं गेली, आणि मॅडम तिला एका वकीलबाईंकडं घेऊन गेल्या. नवऱ्यानं टाकलं या कारणावरून करुणाचा घटस्फोटाचा दावा दाखल झाला. रामहरींनी तिच्याशी बोलणं टाकलं. त्या उन्हाळ्यात करुणा विहिरीवर निघाली की रंगूबाई हातातलं काम सोडून मागोमाग जाई. पोरीला एकटं सोडायला तिचा जीव धजत नव्हता.

धम्मदीप दाव्याच्या निकालासाठी थांबला नाही. मे महिन्यात पुण्यात त्याचं दुसरं लग्न लागलं. इकडच्या भागातून दोन टेम्पो भरून माणसं गेली. त्यांत निमगावची होती, करुणाच्या लग्नात जेवलेलीही होती. पहिली कुठं आहे, असं पंगतीत कुणी नवरदेवाला विचारलं नाही. गावी परत आल्यावर मात्र त्यांनी करुणाला गाठून विचारलं, सही का केली नाहीस?