अकरा वीसचा भोंगा

दरवर्षी पुलाच्या दिवशी सकाळी अकरा वीसला मी भोंगा वाजवते आणि अख्खा देश दोन मिनिटं गप्प उभा राहतो. आधी आमचा भोंगा, मग रेडिओवरून तोच सगळीकडे. माझ्याआधी हे काम बाबा करायचे. अग्निशमन केंद्रात मेकॅनिक म्हणून मला बावीस वर्षं झाली, बंबाचं इंजिन न् इंजिन माझ्या हाताखालून गेलंय, पण गाव मला ओळखतं ते भोंगेवाली म्हणूनच. म्हणा बापडे.

चाळीस वर्षांपूर्वी नदीवरचा रेल्वेचा पूल सकाळच्या गाडीसकट कोसळला. त्या गाडीत माझा काका होता. आणि अख्खा देश उभा राहतो म्हटलं खरं, पण एक बाई राहत नाही, ती म्हणजे त्याचीच बायको. माझी सख्खी काकू! ती केंद्रामागच्या गल्लीत राहते, कपडे शिवते. भोंगा थांबला की गल्लीत टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता होते, आणि त्या शांततेत काकूचं शिलाई मशीन खडखड खडखड चालू असतं. समोर बटणांचं दुकान असलेली बटणवाली शेजारीण हे तीस वर्षं सगळ्यांना सांगत आली आहे. "नवरा गेला त्या दिवशीसुद्धा हिच्या पायाला उसंत नाही. दगडाच्या काळजाची बाई!"

काकूच्या कानावर हे जात नाही असं थोडंच आहे? पण ती हूं की चूं करत नाही. चरफडते ती मी.

यंदा स्मारक समितीने चौकात पितळी घड्याळ बसवायचं ठरवलं. काटे कायमचे अकरा वीसवर. पडदा काकूच्या हातून उघडायचा, कारण तेव्हाच्या विधवांपैकी गावात तीच उरली आहे. यात बटणवालीने जाऊन काडी घातली. दुसऱ्या दिवशी समितीचे सचिव माझ्या वर्कशॉपात हजर.

"ताई, काकूंना जरा समजावा. कॅमेरे असतील. त्या दोन मिनिटं उभ्या राहिल्या तर बरं. नाहीतर आम्हाला दुसरं नाव बघावं लागेल. लोकांच्या भावनांचा प्रश्न आहे."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्या हातात पाना होता, तो मी खाली ठेवला, उगीच नको ते व्हायला नको म्हणून. त्यांना म्हटलं, "चार दिवस द्या. माझी काकू दगड नाही, हे मी तुम्हाला कागदावर दाखवते."

हे मी नुसत्या रागाच्या भरात म्हटलं नव्हतं. लहानपणी शाळेला सुट्टी असली की पुलाच्या दिवशी मी काकूकडेच असायचे. मशीनखाली बसून चिंध्या गोळा करायचे, त्यामुळे मला दिसायचे फक्त तिचे पाय. ते पाय त्या दिवशी एकदाच थांबायचे, अकरा वाजून पाच मिनिटांनी. ती उठायची, थोडा वेळ उभी राहायची आणि परत बसायची. पंधरा मिनिटांनी भोंगा व्हायचा तेव्हा पाय जोरात चालू. मला तेव्हापासून कोडं होतं. आता वाटलं, अरे, पूल पडल्याची खरी वेळ अकरा पाच असणार! काकू बरोबर आणि देश चूक. तसं निघालं तर बटणवालीचं तोंड कायमचं बंद.

आधी लोकांना विचारत सुटले. न्हावी म्हणाला, "अकरा वीसच! मी गिऱ्हाईकाचा एक गाल केला होता, दुसरा राहिला होता, तेवढ्यात आवाज झाला." मनात हिशोब केला, तेव्हा न्हावीबुवा चार वर्षांचे होते. निवृत्त मास्तरीणबाई म्हणाल्या, "मधल्या सुट्टीची घंटा आणि तो आवाज एकदमच झाला." बाईंची शाळा पुलानंतर दोन वर्षांनी सुरू झाली. दोघंही खोटं बोलत नव्हती हो. सांगताना बाईंच्या डोळ्यांत पाणी होतं. मला राग यायच्या ऐवजी गंमत वाटायला लागली. म्हणजे आम्ही केंद्रात भोंगा वाजवतो आणि तो जाऊन बसतो लोकांच्या आठवणीत!

बरं, प्रत्येकजण सांगतो त्या दिवशी धो धो पाऊस होता. शाळेतल्या चित्रस्पर्धेत पोरं दरवर्षी काळे ढग आणि विजा काढतात. मी समितीचे जुने फोटो मागून घेतले. पहिल्या वर्षीच्या फोटोत लोकांच्या हातात फलक होते, "ठेकेदाराला अटक करा". दहाव्या वर्षी "निष्काळजीपणाचे बळी". विसाव्या वर्षी नुसतं "श्रद्धांजली", आणि आता "एकतेचा दिवस". ठेकेदार कुठे गेला, कोण जाणे. त्याच्या जागी पाऊस आला.

मग केंद्राच्या माळ्यावर चढले. आमच्याकडे प्रत्येक भोंग्याची नोंदवहीत नोंद होते: वेळ, हवा, आणि भोंगा उशिरा झाला असेल तर कारण. धुळीने शिंकून शिंकून बेजार झाले, पण चाळीस वर्षांपूर्वीची वही सापडली. बाबांचं अक्षर. वर लिहिलं होतं, "हवा: स्वच्छ ऊन." म्हणजे पाऊसबिऊस काही नाही. आणि खाली, "पूल कोसळल्याचा फोन. तत्काळ भोंगा. वेळ: १०.५२."

दहा बावन्न! अकरा वीस नाही, आणि अकरा पाचही नाही. मी तिथेच बसकण मारली.

पुढच्या वर्षाची वही उघडली. पहिला स्मरणदिन. "ठरलेली वेळ १०.५२. भोंगा ११.२०. उशिराचं कारण: बंब बाहेर." मला लगेच उलगडा झाला, आमच्या खात्यात कोणालाही झाला असता. बंब कामगिरीवर बाहेर असेल तर केंद्राचा भोंगा वाजवायचा नाही, हा नियम. वाजवला तर दुसरी आग लागली असं समजून सुट्टीवरची माणसं धावत येतात. त्या दिवशी कोणाच्या तरी दुकानाच्या छपराने पेट घेतला होता. लोक चौकात अठ्ठावीस मिनिटं उन्हात ताटकळले. बाबा, ज्यांचा सख्खा भाऊ गेला होता, ते बटणाशी उभे राहून बंबाची वाट बघत होते. बंब आला, त्यांनी भोंगा दिला आणि रेडिओवाल्याने सांगून टाकलं, "बरोबर एक वर्षापूर्वी, याच क्षणी..." झालं! पुढच्या वर्षीपासून अकरा वीस. रेडिओला खोटं कोण ठरवणार?

वही घेऊन सचिवांकडे गेले. त्यांनी दोनदा वाचली, चष्मा पुसला आणि म्हणाले, "ताई, पितळ ओतून झालंय."

संध्याकाळी काकूकडे गेले. ती एका कोटाला अस्तर लावत होती. वही पुढे ठेवून म्हटलं, "काकू, देश चुकला तो चुकला, पण तूही चुकलीस की गं. दहा बावन्नला पडला पूल. तू अकरा पाचला का उभी राहतेस?"

तिने सुई अस्तरात टोचून ठेवली. "पूल अकरा पाचला पडला असं मी कधी म्हटलं?"

"मग?"

"अकरा पाच ही गाडी यायची वेळ." ती माझ्याकडे न बघता बोलत होती. "मी स्टेशनवर होते. बाकावर बसले होते. घड्याळात अकरा पाच झाले तशी उठले, केस सारखे केले. आदल्या आठवड्यात भांडून गेला होता ना, म्हटलं आता हसून समोर जायचं. पूल कधीच पडला होता, भोंगाही झाला होता, पण तो कशाचा हे मला कुठे माहीत होतं? अकरा पाचला तो यायचाच होता."

मी वही मिटून मांडीवर घेतली.

"अकरा वीसपर्यंत स्टेशनात रडारड सुरू झाली होती," ती म्हणाली. "त्या वेळेला तुम्ही सगळे उभे राहता, राहा. मला तेव्हा हातापायांना काम लागतं."

"काकू, हे एकदा त्या बटणवालीला सांगू दे मला. तुझी शपथ, तोंड लपवायला जागा उरणार नाही तिला."

"खबरदार!" ती इतक्या जोरात म्हणाली की मी दचकले. "पुलाचं काय सांगायचं ते जगाला सांग. स्टेशनाचं नाही. सांगितलंस तर पुढच्या वर्षी अकरा पाचलाही भोंगा होईल आणि सगळे माझ्या दारात उभे राहतील." मग जरा हसली. "आणि पडदा उघडायला त्या बटणवालीलाच बोलवा म्हणावं. तिला हौस आहे."

पुलाच्या दिवशी चौक माणसांनी फुलून गेला होता. बटणवाली नवे कपडे घालून घड्याळाशेजारी उभी होती. मी भोंग्याची मोटार तपासली, रेडिओवाल्यांची तार जोडली आणि अकराला पाच कमी असताना मागच्या दाराने निघाले ती थेट काकूकडे.

तिने मला बघितलं, पण मशीन थांबवलं नाही. मी मशीनखाली बसायचे त्याच जागी स्टूल ओढून बसले. अकरा पाचला तिचे पाय थांबले. ती उठली. लहानपणी मला फक्त पाय दिसायचे, बाकीचं आज दिसलं. तिने दोन्ही हातांनी केस सारखे केले, दाराकडे तोंड केलं आणि चेहऱ्यावर हसू आणलं, कोणी येणार असलं की आणतो ना, तसंच. पासष्ट वर्षांची बाई! मी तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले. किती वेळ गेला मला कळलं नाही. मला रडू आवरत नव्हतं आणि ती हसतच होती.

शेवटी तिनेच मला ढकललं. "अगं पळ! देश खोळंबलाय."

पळत सुटले. बटण दाबलं तेव्हा धाप लागली होती. भिंतीवरच्या घड्याळात अकरा बावीस झाले होते. रेडिओवर नेहमीचा भारदस्त आवाज म्हणाला, "बरोबर अकरा वीस." चौकात पितळी घड्याळही तेच सांगत होतं. कोणाला काही फरक पडला नाही.

वही मात्र माझ्यासमोर उघडी होती, आणि बाबांनी त्या वहीत कधी खोटं लिहिलं नव्हतं. मी लिहिलं, "हवा: स्वच्छ ऊन. वेळ: ११.२२." उशिराच्या कारणाच्या रकान्यात पेन जरा थांबलं. मग लिहिलं, "आम्ही गाडीची वाट पाहत होतो."