डाव्या बाजूचा ब्रेक

गाडीच्या डाव्या सीटपुढच्या रबरी मॅटवर एक खळगा आहे. उथळ, लांबट, दोन बोटांनी झाकला जाईल एवढा. त्याच्या कडेच्या रेघा शाबूत, आतल्या पार पुसल्या गेलेल्या. तिथं पेडल नाही, कधीच नव्हतं. तरी इतकी वर्षं एक उजवा पाय तिथं ब्रेक दाबत आला होता.

भावजींची बॅग मागच्या सीटवर ठेवताना तिची नजर त्यावर गेली, आणि तिनं ती लगेच दुसरीकडे वळवली. नवऱ्याला जाऊन वर्ष होत आलं. मॅट बदलायची राहून गेली... राहून गेली, की राहू दिली?

"चला वहिनी," धाकटा दीर बेल्ट ओढत म्हणाला, "माझी ट्रेन चुकवायचा बेत नाही ना? चुकली तर राहीन बापडा आणखी आठवडाभर. तुमची आमटी खारट असते, पण घेईन चालवून."

ती हसली. हा बोलका. मोठा अबोल होता, सगळं पायानं बोलायचा.

"आईला काय सांगू मग? घरी तुमच्या खोलीला रंग देऊन झालाय. खिडकीशी टेबल ठेवलंय, तुम्हाला पेपर तपासायला. शाळा काय, तिकडेही आहेत. एकट्या कशाला राहताय इथं?"

"बघू."

"तुमचं हे 'बघू' म्हणजे ना, शिंप्याचं 'उद्या'!"

तिनं गिअर टाकला. त्या घरी कुणी वाईट नव्हतं, हीच अडचण होती—वाईट असते तर नाही म्हणणं किती सोपं गेलं असतं. पण रंग दिलेली खोली, खिडकीशी टेबल, ताटावर वाट पाहणाऱ्या सासूबाई, सगळं मायेचं, आणि त्या मायेत आपण हळूहळू कुणाच्या तरी नजरेनं रस्ता ओलांडू लागू, हे तिला आतल्या आत ठाऊक होतं.

रस्ता जलाशयाच्या कडेनं उतरू लागला. इथं कडेच्या खडकातून पाणी पाझरतं आणि वळणावर डांबर कायम ओलं असतं. वर्गात ती फळ्यावर बाण काढून दाखवायची: चाकाची पकड ठरावीक असते, ती वळण्यात वापरा नाहीतर थांबण्यात, वळणातच ब्रेक मारलात तर भार पुढे झुकतो, मागची चाकं हलकी होतात आणि गाडी शेपटीकडून सुटते. मुलं लिहून घ्यायची. आणि घरी परतताना, शेजारचा तो पाय मॅटवर दाबला गेला की ती निमूट ब्रेक मारायची... याच वळणावर एकदा गाडी गर्रकन फिरली, आली त्या दिशेला तोंड करून थांबली. तो घाम पुसत म्हणाला, "बघितलंस? म्हणून सांगतो, जपून चालव." तिनं गाडी पुन्हा वळवून घेतली. तो घाबरला होता, आणि घाबरलेल्या माणसाला बाण काढून काय दाखवायचे?

तो झोपेतच गेला, शांतपणे. पण पाय गेला नाही. एकटी असतानाही प्रत्येक वळणात डावीकडे काहीतरी खाली दाबलं जातं, आणि तिचा पाय आपसूक ब्रेकवर जातो. सवय, ती स्वतःला समजावते; मेंदूत पडलेली वाट. कारण कळलं म्हणून काही थांबत नाही.

वळण आलं. सरळ रस्त्यावरच तिनं वेग उतरवला, गिअर खाली आणला. आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं—भावजींचा उजवा पाय पुढे सरकला, नेमका त्या खळग्यात बसला, टाच तशीच किंचित उचललेली... क्षणभर तिला शेजारी पाहायचा धीर होईना. पाय दाबला गेला. तिचा पाय ब्रेकसाठी शिवशिवला, पोटरीपर्यंत कळ आली, पण तो होता तिथंच राहिला, ऍक्सिलरेटरवर हलका, एकसारखा. नजर वळणाच्या टोकाला. सीटखालून तिला चारी चाकं जाणवली, ओल्या डांबरावर टेकलेली, आपापला भार घेऊन.

रस्ता सरळ झाला.

"अहो वहिनी! वळणावर ब्रेक मारत नाही होय तुम्ही? दादा असता तर—"

"तर मारला असता मी," ती म्हणाली. "ते दाबायचे, मी मारायची."

भावजींनी खाली आपल्या पायाकडे पाहिलं आणि ओशाळून तो मागे घेतला. स्टेशनची छपरं दिसू लागली. डावीकडचा दाब मात्र अजून होता, भावजींनी पाय काढून घेतल्यावरही... ती त्या दाबाकडे आज पहिल्यांदाच नीट लक्ष देत होती, दुखऱ्या दातावर जीभ ठेवावी तशी. तो बहुधा जाणार नाही. नसेल जायचा तर बसू दे शेजारी.

"भावजी," ती म्हणाली, आणि आवाज तिला अनोळखी वाटला, जरा मोठा, "आईंना सांगा... नको, मीच फोन करते त्यांना संध्याकाळी. मी तिकडे राहायला येणार नाही. इथंच राहणार आहे मी."