गंजीवरची थोरली

सासऱ्यांचा पाय मुरगळला तो नेमका गंजी रचायच्या दिवशी. त्यांचे दोघे मुलगे बाजाराला गेलेले, गवताच्या पेंढ्या अंगणात पडलेल्या आणि आभाळ काळंभोर. वैरण भिजली असती तर गुरांनी वर्षभर काय खायचं?

"थोरले, चढ वर," सासरे खाटेवरून म्हणाले.

थोरली म्हणजे माझी जाऊ. कुठलंही काम सांगा, आधी "मला नाही जमायचं" म्हणायची, बिघडलं की "बघा, म्हटलं नव्हतं का?" म्हणून वर समाधानानं मान डोलवायची.

"मामंजी, माझ्या हातची गंजी उभी राहील का?"

"गंजी काय हात ओळखते होय? चढ."

मी खालून पेंढ्या फेकत होते, ती वर लावत होती. एक थर झाला आणि घसरला. पुन्हा लावला, पुन्हा घसरला.

"बघा, म्हटलं नव्हतं का?"

सासरे मघापासून निरखून बघत होते. "पेंढी ठेवलीस की ओढतेस कशाला?"

"घट्ट बसली का बघते."

"बसलेली असते. तू ओढतेस म्हणून सुटते. रोज उकरून बघितलं तर बी रुजेल का? ठेवली की तिच्यावर दुसरी टाक. वरचीचं वजन खालचीला धरतं."

"आणि पडली तर?"

"परत रचू. गवत आहे, काचेची बरणी नव्हे."

पण हाताची खोड सहजी जाते होय? हात मागं वळला की मी खालून ओरडायचे, "हात!" आणि ती चटका बसल्यासारखा आवरायची. मधेच पुटपुटली, "मला नाही जम..."

"ते उद्या सांग," सासरे म्हणाले. "आत्ता पेंढी घे."

हळूहळू माझं ओरडणं थांबलं. तिचं पुटपुटणंही. शेंडा बांधून ती उतरली आणि टपोरे थेंब सुरू झाले.

दोन दिवस धो धो कोसळला. तिसऱ्या दिवशी सासऱ्यांनी लंगडत जाऊन गंजीत कोपरापर्यंत हात घातला, मूठभर गवत काढलं, हुंगलं आणि म्हशीपुढं टाकलं. खडखडीत कोरडं.

कुंपणापलीकडून शेजारीण बघत होती. तिची गंजी पार ढासळली होती. "भावजी, आमची परत रचायला उद्या याल का?"

"माझा पाय बघताय ना? थोरलीला विचारा."

आता ही नाही म्हणणार, असं समजून मी पुढं झाले. पण थोरली म्हणाली, "उद्या नको, परवा येते. आणि पेंढ्या करकचून बांधून ठेवा. ढिल्या मला चालायच्या नाहीत."