एकच खवला

शुक्रवारची दुपार कलली तरी सलोमतच्या पिशवीत मासा पडला नव्हता. बुखाऱ्याच्या बाजारात तिच्या तीन फेऱ्या झाल्या. खवल्यांचा मासा सकाळीच संपला होता. उरला होता तो तुळतुळीत, चामड्यासारख्या अंगाचा, आणि बिनखवल्याचा मासा शेजारच्या याकुतमावशीला धर्माने वर्ज्य.

मावशीच्या यहुदी लोकांचा, त्यांच्या रीतीने कापणारा खाटीक दोन वर्षांपूर्वी इस्रायलला गेला. जाताना सुरी घेऊन गेला, तेव्हापासून मावशीने मांसाला हात लावला नाही. आता महिनाभर तापाने झिजून ती पाव आणि चहावर आली होती. काल एवढंच म्हणाली, "तळलेला मासा मिळाला तर खाईन बाई. वरून लसूण-कोथिंबिरीचं पाणी."

महिन्यात पहिल्यांदाच तिने काही मागितलं होतं. सलोमतने तो तुळतुळीत मासाच घेतला. कोळ्याच्या फळीवर कुठल्याशा माशाचा एक खवला चिकटला होता, तो उचलला आणि माशाच्या पोटाशी हळूच दाबून बसवला. तीस वर्षांत ती मावशीशी पहिल्यांदाच खोटं वागत होती. पायांना घर लांब वाटलं.

मावशीच्या डोळ्यांवर सायीसारखा पडदा आला होता. तिने परात मांडीवर घेतली. बोटं माशाच्या अंगावरून निघाली, ओल्या शेतातून अनवाणी चालावं तशी, सावकाश, काही न तुडवता. पोटाशी आली आणि थांबली. नखाचा नुसता धक्का, खवला सुटून आला.

"सलोमत, हा पाहुणा आहे."

सलोमतच्या कानाच्या पाळ्या तापल्या. "मावशी, तुम्ही खाल्लं नाहीत तर मराल."

"मरेन की. त्यात नवीन काय? तुझा नवरा दर हिवाळ्यात 'आता ही जाते' म्हणत मला मारतोच."

"तो तर स्वतःलाही मारतो. शिंक आली की कफन मागतो."

मावशी हसली, खोकली. सलोमतने परात उचलायला हात पुढे केला.

"थांब. लबाडी तू केलीस, माशाने नाही. त्याचं त्याला बोलू दे."

बोटं पुन्हा निघाली. कल्ल्यांच्या झाकणाखाली गेली, पाठीच्या कण्याशी रेंगाळली, शेपटीकडे वळली. भिंतीवरचं ऊन वीतभर सरकलं. सलोमत बघत राहिली. महिनाभराच्या उपाशीपणातही मावशीचं शोधणारं बोट घाई करत नव्हतं. या बाईने नियम मोडला तर कोण बघणार होतं? गल्लीतली तिच्या लोकांची घरं केव्हाच कुलपात गेली होती.

शेपटीजवळच्या पराच्या मुळाशी बोट थबकलं.

"ये इकडे. तुझं बोट दे."

सलोमतच्या बोटाला खवला लागला. पराच्या आडोशाला, नखाएवढा, घट्ट बसलेला.

"उलटा ओढ. कातडं फाटता कामा नये."

खवला अडला, मग सुटला. खालचं कातडं जसंच्या तसं.

"एक पुरे," मावशी म्हणाली. "घरचा होता, म्हणून जाताना अडला."

शेगडीची काडी मावशीनेच ओढली; तिच्या धर्मात चुलीचा विस्तव आपल्याच माणसाने पेटवायचा. ती ओढेपर्यंत त्या घरात सलोमत कढई चढवत नसे, सांगावं लागत नसे. तेल तापलं, मासा चरचरला, लसणाचा वास अंगणातल्या तुतीपर्यंत गेला.

"आणि सापडलाच नसता तर?" सलोमतने विचारलं.

"तर तू तो तुझ्या घरी तळला असतास आणि मी इथे वासावर पाव खाल्ला असता."

सूर्य टेकायच्या आत मावशीने शब्बाथचे, विसाव्याच्या वाराचे दिवे लावले. सलोमत काटे काढून घास पुढे ठेवत गेली. चौथ्या घासाला मावशी म्हणाली, "पुढच्या वेळी बाजारातच पराखाली बघ. खोटा चिकटवायला जेवढा वेळ गेला, त्याच्या निम्म्यात खरा सापडला असता."

"बघेन," सलोमत म्हणाली आणि पाचवा घास काट्यांतून सोडवू लागली.