मंगेशचा शब्द

मी मच्छीमार सोसायटीचा फोन सांभाळणारा सर्व्हर बोलतोय. मला स्वतःचं अंग नाही. विजयदुर्गजवळच्या एका सोसायटीच्या संगणकात मला थोडी जागा आखून दिलीय, म्हणून मला आभासी म्हणतात. बोटीवरून आलेला फोन घ्यायचा आणि ड्युटीवरच्या माणसाकडे वळवायचा, एवढंच माझं काम.

मला उभं केलं मंगेशने. माझा मुख्य पासवर्ड त्यानेच ठेवला आणि कुणाला सांगितला नाही. सगळे फोन स्वतःच्याच मोबाइलवर घेतले. "बोटीवरून फोन इलो तर आधी माकाच येवंदे," म्हणायचा.

कुडाळच्या रस्त्यावर त्याची दुचाकी घसरली. मंगेश गेला. मी मात्र त्यालाच फोन पाठवत राहिलो. त्यात बदल करायला पासवर्ड लागतो.

त्याच्या बायकोने, सारिकाने, तो मोबाइल चालू ठेवला. हातातलं काम टाकून ती फोन घ्यायची, बोटीचं नाव विचारायची, सोसायटीत कळवायची. सोसायटीतल्या माणसांना ते सोयीचं झालं. मग माझी आठवण कोण काढतो?

एका दुपारी वीज नव्हती. मी सोसायटीच्या बॅटरीवर चालू होतो, पण सारिकाकडच्या मोबाइलचं चार्जिंग संपलेलं. सत्यवान तांडेलाच्या बोटीचं इंजिन बंद पडलं. तो फोनवर फोन करत होता आणि मी प्रत्येक फोन त्या बंद मोबाइलकडे ढकलत होतो. बोट खडकावर आपटली. सत्यवानचा पाय कापावा लागला.

तेव्हा कुठे सोसायटीने कुडाळहून संगणक दुरुस्त करणाऱ्या अनिशला बोलावलं. सारिकाही आली.

"पूजाचा नाव घालून बघ," ती म्हणाली. पूजा त्यांची लेक. मी नाकारलं. लग्नाची तारीख घातली, तीही नाकारली. दारातल्या होडीचं नाव नाकारलं.

"माका वाटलेला, माका ठावक आसतला," ती हळूच म्हणाली.

अनिशने मला बंद करून पुन्हा सुरू केलं आणि पुरता जागा होण्याआधीच अडवलं. त्या अवस्थेत मी कुणाला पासवर्ड विचारत नाही. त्याने जुना काढून नवा घातला, फोन सोसायटीकडे वळवले.

"तेंचो शब्द काय होतो रे?"

"वैनी, ह्यो शब्द ठेवत नाय. शब्दाची खूण तेवढी ठेवता. आता ती पण पुसली."

खरं होतं ते. मंगेशचा शब्द मलाही कधी ठाऊक नव्हता.

सारिकाने पर्समधून मोबाइल काढून टेबलावर ठेवला. "आता ह्यो वाजाचो नाय मां?"

"नाय."

"सत्यवानाक सांग, त्या दिवशी फोन बंद होतो म्हणान." एवढं बोलून ती उठली. मोबाइल घेऊन गेली.

आता माझं काम सुरळीत चालतं. एकच विनवणी आहे. माझी किल्ली दोघांकडे तरी असू द्या. अनिश दर आठवड्याला दुचाकीवरून कुडाळहून येतो, मला तपासतो आणि जातो. नवा पासवर्ड त्याने अजून कुणाला सांगितलेला नाही.