पहिली वेलांटी

माझ्या मावशीने चाळीस वर्षं एका छापखान्यात मुद्रितं तपासली. लोकांच्या चुका काढायच्या आणि वर पगार घ्यायचा, असा तिचा धंदा. निवृत्त झाल्यावर पगार थांबला, चुका काढणं थांबलं नाही. औषधाच्या बाटलीवरचं लेबल असो की पाणी येणार नसल्याची सूचना, तिच्या तावडीतून काही सुटत नसे. मी आठ वर्षांची असताना आई गेली आणि मावशीने मला आपल्या घरी आणलं. नोकरी लागेपर्यंत मी तिथेच वाढले. तिने मला सगळं शिकवलं, एक सोडून. 'पश्चिम' हा शब्द मी अजूनही दुसरी वेलांटी देऊन लिहिते. का, ते विचारू नका. हात तसाच वळतो.

आता मी नगरपालिकेच्या बांधकाम विभागात आहे. पडायला आलेल्या इमारती तपासायच्या आणि राहण्याजोग्या आहेत की नाहीत ते सांगायचं, हे माझं काम. मला दारात बघून आजवर कोणाला आनंद झालेला नाही. फक्त मावशीला व्हायचा, आणि तोही तिच्याच भिंतीला तडा जाईपर्यंत.

घर दोन मजल्यांचं. खाली शिंपी, त्याचं दुकान पुढे आणि राहणं मागे. वर मावशी एकटी. शेजारच्या प्लॉटवर पाया खणायला घेतला आणि महिनाभरात मावशीच्या आतल्या खोलीत, छतापासून खिडकीपर्यंत, तडा उतरला. शेजारचं खणणं आम्ही थांबवलं, पण जमीन एकदा सुटली की आमच्या नोटिशीला विचारून थांबत नाही. साहेब मला म्हणाले, "नात्यातलं घर आहे, दुसऱ्या कोणाला पाठवू का?"

"काच नातं बघत नाही, साहेब," मी म्हटलं. फार हुशारीने म्हटलं होतं.

काच म्हणजे आमची काचपट्टी. बोटभर रुंद, वीतभर लांब, पातळ. तड्यावर आडवी ठेवायची आणि दोन्ही टोकं सिमेंटने भिंतीला पक्की करायची. भिंत जागची हलली तर काच ताणत नाही, वाकत नाही, सरळ तुटते. काच शाबूत म्हणजे भिंत स्थिर, दुरुस्ती करून राहता येतं. काच तुटली तर घर रिकामं. मी काच बसवली, तिच्यावर मार्करने तारीख घातली आणि खाली लिहिलं, 'पश्चीम भिंत'. मावशी स्टूल धरून उभी होती. तिने वाचलं, डोळे मिटले आणि उघडले.

"हे असंच राहणार?"

"सरकारी नोंद आहे, मावशी. हात लावायचा नाही."

"आणि फुटली तर?"

"तर त्याच दिवशी माझ्याकडे यायचं. शब्द दे."

तिने शब्द दिला, पण तोंड वाकडं करून. माझ्याकडे ती एकदाच तीन दिवस राहिली होती, आणि तिन्ही दिवस दर चहाच्या वेळी विचारायची, "साखर कुठे असते गं तुझ्याकडे?" चौथ्या दिवशी बॅग भरली. "तुझं घर छान आहे, ढब्बे," म्हणाली, "पण तिथे मी पाहुणी. इथे मला डोळे बांधून सोड, सगळं सापडेल." ते खरंच होतं. आणि माझंही तसंच होतं. माझ्या फ्लॅटमध्ये नऊ वर्षं राहूनही मी स्वप्नात जिना चढते तो तिचाच.

दर गुरुवारी मी काच बघायला जायचे. काच दर गुरुवारी शाबूत असायची. खाली शिंप्याचं दार घासत होतं, त्याने ते रंधा मारून तासलं होतं. "लाकूड फुगलंय, ताई," तो म्हणाला, आणि मी मान डोलावली. दुसऱ्या कोणाच्या घरी कोणी असं म्हटलं असतं तर मी त्याची तासभर उलटतपासणी घेतली असती. इथे मला काच शाबूत हवी होती, आणि ती होती. आपल्याला हवं तेच दिसत असलं की माणूस चष्मा पुसत नाही.

दहाव्या गुरुवारी मी अहवालाचा कागद सोबत घेऊनच गेले. सत्तर दिवस काच टिकली की आम्ही 'इमारत स्थिर' लिहितो. सकाळचे अकरा वाजले होते. मावशीने दार उघडलं, म्हणजे आतून दोनदा ओढलं तेव्हा उघडलं. तिने चहा टाकला. मी मजेत होते. स्टुलावर चढले, काचेवर बॅटरी मारली, तारीख वाचली, आणि उतरता उतरता खालची ओळ वाचली.

पश्चिम भिंत.

पहिली वेलांटी.

मी पुन्हा वाचलं. अक्षर माझंच होतं, तोच तिरका 'भ', तीच तुटकी शिरोरेघ. पण ही वेलांटी माझ्या हातून जन्मात पडलेली नाही. 

"मावशी," मी म्हटलं, "ही काच कोणी बसवली?"

"तूच की."

"मी 'पश्चिम' असं लिहीन?"

स्वयंपाकघरात कपबशीचा आवाज थांबला. ती दारात आली. खोटं बोलायची तिची तयारी होती, चेहऱ्यावर दिसत होती. पण प्रश्न शुद्धलेखनाचा होता आणि तिथे तिला खोटं बोलता येत नाही.

"पाच वेळा मी जीव मुठीत धरून चुकीचं लिहिलं," ती म्हणाली. "सहाव्यांदा हात वळला नाही."

सहा काचा! मी विचारलं, कुठून आणल्या, तर तिने मला बाहेरच्या खोलीत नेऊन भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे फोटो होते. मावशीच्या नवऱ्याचा, माझ्या आईचा, शाळेच्या गणवेशातला माझा. एकाही चौकटीला काच नव्हती. फ्रेमवाल्याकडून तिने त्यांच्या पट्ट्या कापून आणल्या होत्या. दहा आठवडे मी या खोलीत येत होते, आईच्या फोटोसमोर उभी राहून चहा पीत होते, आणि मला दिसलं नव्हतं.

"तुटलेल्या कुठेत?"

ती कपाटातून बिस्किटांचा डबा घेऊन आली. तुटलेल्या काचा तिने टाकल्या नव्हत्या. छापखान्यात जुनी मुद्रितं टाकत नाहीत, जपून ठेवतात. प्रत्येक तुकड्याला कागदाची चिठ्ठी आणि तिच्यावर तुटल्याची तारीख, मोत्यासारख्या अक्षरात. मी त्या टेबलावर ओळीने मांडल्या आणि मधले दिवस मोजले. चोवीस. सतरा. अकरा. आठ. पाच. तीन. शेवटची काच मंगळवारी तुटली होती, म्हणजे परवा.

पुढचा आकडा कोणालाही सांगता आला असता.

"चल," मी म्हटलं. "आत्ता. आहेस तशी."

"चहा ओतते आणि—"

"मावशी!" मी ओरडले. त्या घरात मी कधी आवाज चढवला नव्हता. गॅस मीच बंद केला.

ती खुर्चीत बसली. हात मांडीवर, पाठ ताठ. "तू जा," ती म्हणाली. "मी विचार केलाय. मला चौऱ्याहत्तर पुरी झाली. घर पडलं तर माझ्यावर पडेल. तुझ्या त्या फ्लॅटमध्ये साखर शोधत बसण्यापेक्षा ते बरं."

मला तिचा इतका राग आला की रडूच यायला लागलं. शब्द मोडला म्हणून नाही. माझ्या अक्षरात माझ्याशी खोटं बोलली म्हणून. आणि तितकाच राग स्वतःचा आला, कारण मला फसवणं इतकं सोपं गेलं होतं.

"तुझ्यावर पडेल?" मी म्हटलं. "ही भिंत काय तुझ्या एकटीची आहे? खाली मास्तरांचं मशीन याच भिंतीला टेकलंय. त्यांची बायको याच भिंतीखाली काजं करत बसते. आत्ताही बसली असेल."

मावशीने पायाखालच्या जमिनीकडे पाहिलं. चाळीस वर्षं तिने ओळीतली एकूण एक मात्रा पाहिली होती आणि आज आख्खी ओळ सुटली होती. हे तिच्या मनात आलंच नव्हतं, मी शपथेवर सांगते. तिच्या लेखी घर तिच्या दारापाशी संपत होतं.

तेवढ्यात आतल्या खोलीत 'टिक' असं वाजलं. बांगडी पिचावी एवढाच आवाज. आम्ही दोघींनी तो ऐकला आणि दोघींना तो कसला ते कळलं.

मावशी उठली. बिस्किटांचा डबा उचलला, दुसरं काही नाही. मी दाराची कडी काढून ओढलं. दार आलं नाही. दोन्ही हातांनी ओढलं, चौकटीला पाय लावून ओढलं. वरची कड चौकटीत रुतून बसली होती. छतातून माझ्या हातावर बारीक रेती पडायला लागली.

"मास्तर!" मावशी जमिनीवर पाय आपटत ओरडली. "अहो मास्तर! वर या! दार!"

जिन्यावर धावती पावलं वाजली. "बाई, वरच्या बाजूला अडलंय का?" बाहेरून शिंप्याचा आवाज आला. कुठे अडलंय ते त्याला सांगावं लागलं नाही, त्याला ठाऊक होतं. "ताई, तुम्ही बाजूला व्हा." त्याने खांदा घातला. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा दार चौकटीचा तुकडा घेऊन आत आलं, आणि दारामागून शिंपी आला, गळ्यात टेप तसाच.

मी त्याला बाहेर ढकलायला लागले, पण मावशी त्याच्यासमोरच उभी राहिली.

"मास्तर, मी तुम्हाला फसवलं," ती म्हणाली. "काच सहा वेळा तुटली. मी बदलली. तुमच्या बायकोला बाहेर काढा."

शिंप्याने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मी दार चार वेळा तासलं, बाई," तो हळूच म्हणाला. "ताईंना एकदाच सांगितलं. त्यांनी जागा खाली करायला सांगितलं असतं, तर गिऱ्हाइकांना कुठला पत्ता दिला असता?"

घर एक, माणसं मी धरून तीन, आणि तिघंही चोर. मी त्यांना जिन्यावरून अक्षरशः हाकललं.

साडेअकराला आम्ही चौघंही समोरच्या फूटपाथवर होतो. मशीनसाठी शिंपी परत आत निघाला होता, त्याची कॉलर त्याच्या बायकोने धरून ठेवली. मी साहेबांना फोन केला, सगळं सांगितलं, माझा निष्काळजीपणासुद्धा. मग पुठ्ठा मागून घेतला, गुडघ्यावर ठेवून घाईघाईत मार्करने लिहिलं आणि बाहेरच्या फाटकाला बांधलं. 'धोका. पश्चीम भिंत खचली आहे. आत जाऊ नये.'

परत येऊन वळून पाहिलं तेव्हा माझं मलाच दिसलं. मावशीही तिकडेच बघत होती. मी मार्करचं टोपण काढून तो तिच्यापुढे धरला. म्हटलं, थट्टा करेल, टपली मारेल, काहीतरी करेल.

"राहू दे," ती म्हणाली. "आता काय करायचंय."

सबंध दिवसात मी घाबरले ती तेव्हा. तडा मला समजतो. 'राहू दे' म्हणणारी मावशी मी पाहिली नव्हती.

पावणेपाचला भिंत बसली. मोठा धडाका वगैरे झाला नाही. आधी खिडकी वाकडी झाली, मग धूळ, मग आवाज. धूळ खाली बसली तेव्हा वरची आतली खोली रस्त्यावरून उघडी दिसत होती. माझ्या पलंगाची जागा, हिरव्या रंगाचा आतला कोनाडा, खुंटीवर मावशीची छत्री. शिंप्याच्या मशीनवर विटांचा ढीग होता. त्याची बायको ज्या स्टुलावर बसायची ते कुठे दिसत नव्हतं. मावशीने ते पाहिलं आणि शेजारी बसलेल्या त्या बाईचा हात धरला. बराच वेळ सोडला नाही. मग ती रडली, डब्यावर डोकं ठेवून, आणि मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

ऑफिसचा माणूस रहिवाशांचे फॉर्म घेऊन आला. शिंपी बायकोला घेऊन आपल्या भावाकडे जाणार होता. मावशीचा फॉर्म मी भरायला घेतला. नाव, वय. 'सध्याचा मुक्काम' या रकान्यात मी लिहिलं, 'भाचीकडे, तात्पूरता'. खाली माझा पत्ता.

मावशी मान वाकडी करून वाचत होती. तिने हात पुढे केला.

"पेन."

मी दिलं. माझ्या जिवात जीव आला. उकार चुकला असणार, पहिला हवा, मी दुसरा दिला असेन. खुशाल सुधारू दे.

तिने उकाराला हातच लावला नाही. शब्दाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ रेघ मारली आणि शेवटी तो छोटा फास काढला, छापखान्यात शब्द उडवायचा असला की काढतात तो. मग पेनचं टोपण लावून माझ्या हातात दिलं.

"उकार चुकला होता ना?" मी विचारलं.

"शब्दच चुकला होता," मावशी म्हणाली. "आणि हे बघ, ढब्बे, साखरेचा डबा मी ठेवीन तिथेच राहील."