नाकातली वस्ती

मलमाची ट्यूब जेमतेम करंगळीएवढी. सत्यशीलाने टोपण काढलं, पुन्हा लावलं... सकाळ-संध्याकाळ नाकात लावायचं, बस. सर्दी नाही, ताप नाही, अंगावर साधी पुळी नाही — आणि नवजात विभागातल्या सगळ्यांच्या नाकातून कापसाची काडी फिरवल्यावर तो औषधांना न जुमानणारा जंतू सापडला कुठे, तर हेड सिस्टरच्या, म्हणजे तिच्याच नाकात.

"तुम्ही आजारी नाही हो," प्रयोगशाळेच्या डॉक्टर ललिता म्हणाल्या होत्या. "तो नुसता वस्ती करून राहतो. कुणाच्याही नाकात असू शकतो. मलम लावा, पुन्हा तपासेपर्यंत वॉर्डात येऊ नका. नाव बाहेर जाणार नाही."

नाव बाहेर जाणार नाही, हे ऐकून तिला आधी हायसं वाटलं. मग वॉर्डातलं ते बाळ आठवलं. बेंबीभोवती लाल झालेलं, कुठलंच औषध लागू न पडलेलं, शेवटी रडायचंही बळ न उरलेलं... गेलंच ते.

"त्याला माझ्याकडूनच लागला का?"

"तसं नाही सांगता येत."

"नाही लागला, असं सांगता येईल?"

ललितांनी मलमाची ट्यूब तिच्यापुढे सरकवली. आणि सत्यशीलाला मास्कवर घसरणारा आपला चष्मा आठवला, तो बोटाने वर सारायची सवय, मग तेच बोट — धुतलं असेल, नेहमी धुते की मी, नेहमी? — बाळाच्या काचेच्या पेटीच्या झरोक्यातून आत.

पण खरं कुरतडत होतं ते वेगळंच. बाळ आजारी पडल्यावर, कुणी विचारलंही नसताना, तिनेच मेट्रनना सांगितलं होतं: ती नवी मावशी बघा, चंद्रभागा, गोठ्यातून उठून येते, नखांत माती असते. खराडीला आपल्या शेताच्या जागी काचेच्या कंपन्या उभ्या राहिल्या, दोन म्हशी तेवढ्या उरल्या, हे चंद्रभागानेच तिला विश्वासाने सांगितलेलं. नखांत माती नव्हती. सत्यशीलाने नीट पाहिलं होतं, नव्हती. तरी दुसऱ्याच दिवशी चंद्रभागाची बदली धुलाईघरात झाली.

घरी जायचं तर धुलाईघरावरूनच वाट. ओल्या चादरींची पाटी खाली ठेवून चंद्रभागा उभी राहिली.

"शिष्टर, माझं काय आलं?"

"तुझं काही नाही. स्वच्छ आहे."

"मी म्हनतच हुते." तिचा चेहरा उजळला, मग पडला. "मग कुनाचं निघालं?"

अजून कळलं नाही, हे वाक्य जिभेवर तयार होतं. ते इतकं तयार होतं, याचीच तिला शरम वाटली.

"माझं," ती म्हणाली. "आणि तुझं नाव मेट्रनना मीच सांगितलं होतं."

चंद्रभागा एक पाऊल मागे सरली. पदर नाकाशी गेला — मुद्दाम नव्हे, आपसूक. मग वाकून पाटी उचलली नि आत गेली.

सत्यशीला उभीच राहिली. चंद्रभागा "असू द्या" म्हणेल याची आपण वाट पाहतोय, हे तिच्या ध्यानात आलं... कबूल करतानाही हात पुढे केलेलाच होता, काही मिळावं म्हणून. तो तिने मनातल्या मनात मागे घेतला. शरम कमी झाली नाही. फक्त आता त्या शरमेला लपायला जागा नव्हती, आणि सत्यशीलालाही.